चार नंबरचा दिवा

आमच्या भिलाईतल्या खुर्सीपारच्या गल्लीत कोणाच्या घरी माणूस आजारी पडला की लोक आधी डॉक्टरला फोन लावतात आणि लगेच मला. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. पण मी हॉस्पिटलात काम करून निवृत्त झाले एवढं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून विचारतात. "ताई, उंगली में लगाने वाला मशीन बानवे बता रहा है, चलेगा क्या?" मी विचारते, माणूस कसा दिसतो, बोलतो आहे का, दम लागतो आहे का? मग उत्तर येतं, वो तो अभी देखा नहीं.

हसण्यासारखी गोष्ट आहे, पण मला हसू येत नाही. एकदा मीही माणसाकडे पाहिलं नव्हतं. त्याचीच ही हकीकत आहे. ती मी अकरा वर्षं एका बाईपासून लपवून ठेवली. मागच्या महिन्यात तिला जाऊन सांगितली, म्हणून आता इथे लिहायला हरकत नाही.

आधी माझं काम सांगते. पेशंटच्या उशाशी एक पडदा असतो, त्यावर हिरवी रेघ वरखाली पळते आणि बाजूला आकडे दिसतात. त्याला मॉनिटर म्हणतात. हृदयाचे ठोके, श्वास, रक्तातला ऑक्सिजन, सगळं तो दाखवतो. हा पडदा पेशंटला बरं करत नाही, औषध देत नाही, काहीच करत नाही. फक्त पाहतो, आणि काही बिघडलं की ओरडतो. अशा पाहणाऱ्या मशिनींना नीट पाहता यावं, एवढंच माझं काम. हायवेच्या कडेला एक चारमजली हॉस्पिटल आहे, नाव लिहीत नाही. तिथे तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे, माझी खोली होती. दारावर 'बायोमेडिकल' अशी पाटी होती आणि लोक ती वाचून आत औषध मागायला यायचे.

गिऱ्हाईकं म्हणाल तर एकेक नमुना. नेहरू नगरात कोचिंग क्लास चालवणारे एक सर होते, त्यांचे वडील आमच्याकडे भरती होते. सर दिवसभर मॉनिटरसमोर उभे. ऑक्सिजन त्र्याण्णव दिसला की चेहरा पडायचा, शहाण्णव झाला की घरी फोन. एकदा माझ्या खोलीत येऊन मला गंभीरपणे विचारलं की अठ्ठ्याण्णवपर्यंत नेण्यासाठी काय करावं लागेल. मी म्हटलं, सर, ही परीक्षा नाही, बाबांना थोडं उठवून बसवा. एक नवी नवरी आली होती, तापाने फणफणलेली, दोन्ही हातांना काळीभोर मेंदी. बोटाला लावायचा चिमटा त्या मेंदीतून काही पाहू शकेना. मी तो पायाच्या अंगठ्याला लावायला गेले तर तिथेही मेंदी. शेवटी कानाच्या पाळीला लावला, तर सासूबाई म्हणाल्या, झुमका काढू नका, अपशकुन होतो. झुमका तसाच ठेवून वरच्या बाजूला चिमटा बसवला आणि आकडा आला.

लहानसहान शोध मी पुष्कळ लावले. शोध म्हणजे काय, जुगाडच. पेशंट कूस बदलतो, वायर ओढली जाते आणि चिमटा निसटतो. मी कापडाची बाही शिवली, तिला ब्लाउजचे हुक लावले आणि वायर त्या बाहीतून नेली. कंपनीचा इंजिनिअर आला होता, त्याने बाहीचा फोटो काढून नेला. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. हुक लावायची कल्पना पुरुषाला सुचली नसती, एवढं मात्र मी छाती ठोकून सांगते.

ही सगळी अक्कल मला दिली रामटेके काकांनी.

काका आणि माझे वडील भंडाऱ्याकडून एकाच वर्षी भिलाईला आले. दोघांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली होती. वडील गेले तेव्हा मी आयटीआयमध्ये शिकत होते. काका तेव्हा नोकरीतून मोकळे होऊन खुर्सीपारला स्वतःचं दुकान टाकून बसले होते. लहान कारखान्यांची कंट्रोल पॅनल, म्हणजे बटणांचे आणि दिव्यांचे डबे, दुरुस्त करायची, जुन्याची नवी बनवायची, असं ते दुकान. आई मला घेऊन गेली आणि म्हणाली, हिले ठेवून घ्या. काका म्हणाले, पोरगी आहे म्हणून नाई ठेवत, हात कसा आहे ते पायतो. त्यांनी माझ्या हाती तारा जोडायचं सोल्डरिंग आयर्न दिलं. संध्याकाळपर्यंत मी वीस जोड केले. त्यांनी एकेक जोड ओढून पाहिला, एकही सुटला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात.

काकांच्या दुकानात दोन रीती होत्या, त्या इथे सांगायलाच हव्यात. एक म्हणजे लाल पेन्सिल. कोणाचं ड्रॉइंग चुकलं तर काका तोंडाने एक शब्द बोलायचे नाहीत. चुकलेल्या भागावर लाल फुली मारायचे, बाजूला बरोबर काय ते काढायचे आणि कागद परत सरकवायचे. पॅनल पूर्ण झालं की तोच लाल खुणांचा कागद दाराच्या आतून चिकटवायचा, म्हणजे पुढे उघडणाऱ्याला चूकही दिसते आणि दुरुस्तीही. दुसरी रीत नावाची. प्रत्येक बटणापुढे, ते दाबणाऱ्या माणसाचं नाव लिहायचं. पंपावर साहू नावाचा माणूस असेल तर ड्रॉइंगवर 'साहू'. मी एकदा नुसतं 'ऑपरेटर' लिहिलं, तर फुली आली. काकांचं म्हणणं असं की नाव लिहिलं की त्या माणसाचा हात डोळ्यांपुढे येतो, तो किती उंच आहे, त्याला ऐकू कमी येतं का, हे सगळं आठवतं.

आणि तिसरी एक शिकवण होती, तिच्यामुळेच पुढचं सगळं घडलं. पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा हेलकावे खातो. पातळी काठावर असली की गोळा वर गेला, भोंगा वाजला, खाली आला, बंद झाला, पुन्हा वाजला. माणूस वैतागतो आणि भोंग्यात कापूस कोंबतो. मग एक दिवस टाकी खरोखर भरून वाहते आणि कोणाला ऐकू येत नाही. काका म्हणायचे, भोंग्यात कापूस दिसला तर त्या माणसाले नको बोलू, टायमर लाव. टायमर म्हणजे थोडा धीर धरणारं उपकरण. खूण सलग पंधरा सेकंद टिकली तरच भोंगा वाजू द्यायचा. मधेच गेली तर विसरून जायचं, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. भट्टीचं तापमान, टाकीचं पाणी, तेलाचा दाब, सगळ्या भिलाईत आम्ही असेच टायमर लावले आणि सगळीकडे ते बरोबर चालले.

मी हॉस्पिटलात लागले तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आठ पलंगांच्या वॉर्डात आठही मॉनिटर दिवसभर ओरडत असायचे. कोणी नाक खाजवलं, ओरडला. कोणी खोकलं, ओरडला. वॉर्डच्या सिस्टर लीलाम्मा केरळच्या, अतिशय कामसू बाई. त्यांना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. एक दिवस सहा नंबरचा मॉनिटर दुरुस्तीला खाली आला. मी उघडला तर त्याच्या स्पीकरवर गॉजची घडी दाबून चिकटपट्टी लावलेली. मला काकांचा भोंगा आठवला. मी सिस्टरना काही बोलले नाही, सुट्टी झाल्यावर सरळ काकांच्या दुकानात गेले.

आम्ही दोघांनी मिळून दोन महिने ते पॅनल केलं. भंगारातून घेतलेला जुना डबा, त्याला आठ खिडक्या, प्रत्येक खिडकीमागे दिवा, खाली एक भोंगा. प्रत्येक मॉनिटरला मागे एक जोडणी असते. तो ओरडला की तिथून खूण निघते. ती खूण आम्ही टायमरमधून दिव्यापर्यंत आणली आणि मॉनिटरचे आवाज अगदी बारीक केले. पंधरा सेकंदांचं मी मनाने ठरवलं नाही. मोठ्या डॉक्टरांना विचारलं, पंधरा सेकंद उशीर झाला तर पेशंटला काही होईल का? ते म्हणाले, पंधरा सेकंदांनी कोणी मरत नाही. उत्तर बरोबर होतं. माझा प्रश्न चुकीचा होता, पण ते कळायला वेळ लागला.

पॅनल लागलं आणि वॉर्ड शांत झाला. खोटी ओरड थांबली, दिवा लागला की सिस्टर धावायच्या आणि दर वेळी खरोखरच काहीतरी झालेलं असायचं. पेशंट दुपारी झोपू लागले. लीलाम्मा सिस्टरनी मला केळ्याचे वेफर्स आणून दिले. मोठ्या डॉक्टरांनी बाहेरच्या डॉक्टरांना आणून पॅनल दाखवलं आणि मला बोलावून घेतलं. मी साडीचा पदर नीट करून उभी राहिले. आमच्या घराण्यात डॉक्टरांनी कोणाला असं बोलावून घेतलं नव्हतं. मला गर्व झाला होता, खोटं कशाला सांगू.

तीन वर्षं ते पॅनल बिनतक्रार चाललं. मग काका भरती झाले.

फुप्फुसं कधीचीच खराब होती, त्यात न्यूमोनिया. त्यांना चार नंबरचा पलंग मिळाला, खिडकीजवळचा, पॅनलच्या अगदी समोर. पहिल्या दिवशी मी भेटायला गेले तर ते उशीवरून पॅनलकडेच पाहत होते. शेजारच्या पेशंटला सांगत होते, हे आमच्या पोरीनं बनवलं, मी फक्त डबा देला. काकू उशाशी स्टुलावर बसून. शांताकाकू, काकांची बायको, बुटकी, सडपातळ, बोलणं मोजकं. माझी आई गेल्यावर सणावारी मला जेवायला हाक मारणारी तीच बाई. तिला मॉनिटर कळत नव्हता. ती काकांच्या तोंडाकडे पाहत बसायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, काकांना डोळा लागला. मी वॉर्डात दुसऱ्या कामाला आले होते, दोन नंबरची वायर बदलायची होती. काकू उठून माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सुजाता, तुये काका मधामधात थांबून राहिले व. दम घेतच नाई. मंग एकदम ओढते."

मी वर पाहिलं. काकांकडे नाही, पॅनलकडे. चार नंबरची खिडकी काळी होती.

"काकू, तसं असतं तं दिवा लागला असता," मी म्हटलं.

त्या तरी उभ्याच राहिल्या. मी त्यांना समजावलं की झोपेत श्वास कमीजास्त होतो, मशीन एकसारखं पाहत आहे, तुम्ही दोन घास खाऊन या. त्यांनी सिस्टरनाही सांगून पाहिलं. सिस्टरना तेव्हा सहा नंबरवर काम होतं, त्यांनीही पॅनलकडे बोट दाखवलं. काकू पुन्हा स्टुलावर जाऊन बसल्या. दोनदा तीनदा त्यांनी काकांचा खांदा हलवला, ते मी वायर बसवता बसवता पाहिलं. पाच पावलांचं अंतर होतं. मी गेले नाही.

चारच्या राउंडला डॉक्टर आले तेव्हा काका हाक मारून उठेनात. पळापळ झाली. त्यांना वरच्या मजल्यावर आयसीयूत नेलं, घशात नळी घातली, श्वास मशीनवर टाकला. मी चार नंबरचा मॉनिटर खाली माझ्या खोलीत आणला आणि त्याची आठवण उघडली. मॉनिटर मागचं सगळं जपून ठेवतो. त्या दोन तासांत काकांचा ऑक्सिजन पुन्हा पुन्हा खाली गेला होता. मॉनिटर दर वेळी ओरडला होता, त्या बारीक केलेल्या आवाजात. पण कधी अकरा सेकंद, कधी बारा, कधी तेरा. मग काका श्वास ओढायचे, आकडा वर यायचा, आणि माझा टायमर सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा. पंधरा एकदाही भरले नाहीत. असं चाळीसच्या वर वेळा झालं होतं.

भट्टी असं करत नाही. टाकी करत नाही. बिघडली की बिघडलेलीच राहते, म्हणून तिथे टायमर चालतो. माणूस बुडतो, वर येतो, पुन्हा बुडतो, आणि दर वेळी थोडा जास्त दमतो. हे भिलाईतल्या आम्हा पॅनलवाल्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं. काकू मात्र नुसत्या डोळ्यांनी पाहून सांगत होत्या.

त्याच संध्याकाळी मी सगळे टायमर काढले आणि मोठ्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं, चूक माझी आहे. त्यांनी मॉनिटरच्या नोंदी पाहिल्या. म्हणाले की आजारच तसा होता, दोन तास आधी कळलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. सिस्टरही रडल्या. मला कोणी रागावलं नाही. तो 'कदाचित' मी अजून उशाशी घेऊन झोपते.

पाचव्या दिवशी काका शुद्धीवर आले. नळी घशातच, बोलता येत नव्हतं. काकू खाली डबा आणायला गेल्या होत्या. मी पलंगाशी वाकले आणि सगळं सांगितलं. दिवा का लागला नाही, सेकंद किती होते, काकूंनी येऊन सांगितलं होतं आणि मी दिव्याकडे पाहिलं. काका डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. मग त्यांनी उजव्या हाताची बोटं जुळवून हवेत हलवली. पेन्सिल मागत होते.

लाल नव्हती. सिस्टरचं निळं पेन होतं आणि एक कोरा रिपोर्टचा कागद. मी पुठ्ठ्यावर धरला. रेघा वाकड्या येत होत्या, पण मला कळत होत्या, आयुष्यभर त्याच रेघा वाचल्या आहेत. त्यांनी टायमर काढला आणि त्यावर फुली मारली. शेजारी मोजणारं उपकरण काढलं, काउंटर. म्हणजे किती सेकंद ते मोजू नको, किती खेपा ते मोज, आणि विसरू नको. मी मान हलवली. मी कागद ओढू लागले तर त्यांनी धरून ठेवला. अजून एक रेघ काढली, सगळ्याला वळसा घालून सरळ दिव्याला जाणारी. तिच्यात एक बटण काढलं. आणि दुकानाच्या रीतीप्रमाणे बटणापुढे नाव लिहिलं. 'शांता'.

तेवढ्यात काकू आल्या. काकांच्या हातात पेन पाहून त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी विसरू शकत नाही. घाईने जवळ येऊन म्हणाल्या, "काय लिवलं? मायासाठी काई लिवलं का?"

कागद माझ्या हातात होता. दाखवला असता तर त्यांनी विचारलं असतं, माझं नाव इथे कावून आहे. मग सांगावं लागलं असतं, की तुम्ही बरोबर सांगत होतात आणि मी तुम्हाला डबा खायला पाठवत होते. माझी छाती झाली नाही. मी कागदाची घडी केली.

"नाई काकू," मी म्हटलं. "कामाचं आहे."

काका माझ्याकडे पाहत होते की छताकडे, मला सांगता येणार नाही. मी पाहिलंच नाही. दोन दिवसांनी ते गेले. त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही.

नवं पॅनल मी एकटीने केलं, त्या कागदाप्रमाणे, रेघ न बदलता. दहा मिनिटांत तीन खेपा आकडा खाली गेला की दिवा लागणार, प्रत्येक वेळ कितीही छोटी असो. लागलेला दिवा आपोआप विझणार नाही. तो विझवायची कळ पलंगाजवळ. पेशंटजवळ जाऊन, त्याला पाहून मगच विझवायचा. आणि प्रत्येक पलंगाशी, स्टुलाच्या उंचीवर, एक पिवळं बटण, तिथे बसणाऱ्या घरच्या माणसासाठी. डॉक्टर म्हणाले, लोक उगाच दाबत बसतील. दाबायचेच. सलाईन संपलं, दाब. पंखा बंद, दाब. एका आजोबांनी तर चहा हवा म्हणून दाबलं. लीलाम्मा सिस्टर वैतागायच्या, पण प्रत्येक वेळी जायच्या, आणि मीही वॉर्डात असले तर हातातलं टाकून जायचे. काही वेळा खरोखर जाण्यासारखंच असायचं. एका आईने आपल्या मुलाचे ओठ काळे पडताना पाहून दाबलं होतं, आकडा अजून खाली यायचा होता. तो मुलगा आता बाप झाला आहे.

काकांचा कागद मी रीतीप्रमाणे दाराच्या आतून चिकटवला, वर प्लास्टिक लावून. दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याकडे. काकू तर पुन्हा त्या हॉस्पिटलात आल्याच नाहीत. मी त्यांच्याकडे जात राहिले, चौदा एप्रिलला, दिवाळीत, एरवीही. कधी काकांचा विषय निघाला की त्या एवढंच म्हणायच्या, त्यायचा जीव मशिनीत होता. मी मान खाली घालून चहा प्यायचे.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलातून इलेक्ट्रिशियनचा फोन आला. सगळं नवीन बसवलं आहे, आता मोठ्या पडद्यावर आठही पलंग एकत्र दिसतात. ताई, आपका डब्बा उतार दिया है, ले जाइए, नहीं तो कबाड़ में जाएगा. मी रिक्षा करून गेले. माझा डबा जिन्याखाली ठेवला होता. कुलूप उघडलं. कागद पिवळा पडला होता, पण निळी शाई तशीच होती. मी डबा तिथेच ठेवला. प्लास्टिक कापलं, कागद काढला आणि त्याच रिक्षाने जुनवानीला गेले. काकू आता मुलाकडे तिथे राहतात.

त्या ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, उन्हाची कावून आली. मी खाली जमिनीवर बसले आणि कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिला. काकू फार शिकलेल्या नाहीत, सही करण्यापुरतं अक्षर येतं. त्यांचं बोट रेघांवरून फिरत फिरत त्या अक्षरांवर थांबलं.

"हे तं मी आहो," त्या म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. त्या दुपारपासून आयसीयूपर्यंत. तुम्ही विचारलं तेव्हा मी कागद का लपवला, तेही. सांगताना मला रडू आलं, त्यांना आलं नाही. माझं संपलं तरी त्या कागदाकडेच पाहत होत्या.

"मले वाटलं, जाता जाता बी त्यायले मशीनच आठवली," त्या म्हणाल्या. "अकरा वर्ष त्या माणसावर राग धरून बसली मी."

मी माफी मागितली. त्यांनी कागदाची दुमडलेली कडा बोटाने सरळ केली. मी उठावं की बसावं ते मला कळेना. आत सून भांडी लावत होती, तो आवाज येत होता. मग काकूंनी कागद माझ्यासमोर धरला.

"सांग मले, काय काय काढलं ते."

मी सांगू लागले. इथून खूण निघते, काकांच्या बोटाला चिमटा होता तिथून. हा टायमर, याच्यावर फुली मारली. हा मोजणारा, हा विसरत नाही. आणि ही वेगळी वाट, सगळ्याला वळसा घालून. इथे तुम्ही. तुम्ही बोट ठेवलं की दिवा लागतो.

"लगेच?"

"लगेच."

"मधात कोणी नाई?"

"कोणी नाई."

त्यांनी चष्मा काढला आणि कागद हातात घेतल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"तू बी नाई?"

"मी बी नाई, काकू."

त्यांनी कागद मांडीवर ठेवून त्यावर तळहात ठेवला. मला बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी तिथेच बसून राहिले.